वाढत्या हाडातील गाठी : प्रस्तावना

दहा-बारा वर्षांच्या मुलाचा गुडघा दुखतो म्हटले की घरच्यांना खेळताना लागलेला मार आठवतो, आणि बहुतेक वेळा कारण तेच असते. म्हणूनच ज्या मोजक्या मुलांच्या हाडात ऑस्टिओसार्कोमा वाढत असतो, त्यांचे निदान लांबते. तेल लावून मालीश होते, हाडवैद्याचा पट्टा बसतो, गोळीने दुखणे काही दिवस दबते. वाढीच्या वयातले साधे दुखणे सहसा दोन्ही पायांत, संध्याकाळी किंवा रात्री होते आणि सकाळी मूल पळू लागते. एकाच जागी ठाण मांडलेले, झोपमोड करणारे, आठवडे उलटले तरी न हटणारे दुखणे दिसले की साधा एक्स-रे काढावा. या क्षेत्राचे दार तिथेच उघडते.

मुलांच्या हाडांतील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हेही नव्या वाचकाने पहिल्याच पानावर ऐकावे. नॉन-ऑसिफायिंग फायब्रोमा दुसऱ्याच कारणाने काढलेल्या एक्स-रेत अचानक दिसतो आणि वाढ पूर्ण होता होता बहुधा आपोआप भरून येतो. त्याला हात न लावणे हाच उपचार. उलट, जेम्स यूइंग यांनी 1921 मध्ये वर्णन केलेला सार्कोमा ताप आणि सूज घेऊन येतो, हाडातल्या जंतुसंसर्गासारखा दिसतो आणि भल्याभल्यांना चकवतो.

शंका आली की बायोप्सीची घाई होते. हेन्री मॅन्किन आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये 329 रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यांपैकी 4.5 टक्के रुग्णांचा अवयव केवळ चुकीच्या बायोप्सीमुळे कापावा लागला होता. सुई किंवा सुरी ज्या वाटेने गाठीपर्यंत जाते, ती सगळी वाट पुढे गाठीबरोबर काढून टाकावी लागते. म्हणून अंतिम शस्त्रक्रिया जिथे होणार, तिथल्याच चमूने बायोप्सी करावी, असा आमचा आग्रह आहे. तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या मित्रांनी हा आग्रह अधिकाराचा प्रश्न समजू नये. वेळेवर पुढे पाठवलेले मूल हीच त्यांची मोठी कामगिरी.

1970च्या दशकापूर्वी पाय कापूनही ऑस्टिओसार्कोमाची पाचपैकी साधारण चार मुले फुप्फुसातल्या फैलावाने दगावत. केमोथेरपी आली आणि आज आजार पसरण्याआधी सापडला तर चांगल्या केंद्रांत सुमारे दोन-तृतीयांश मुले वाचतात. मूल वाचू लागले, तेव्हा त्याच्या पुढच्या साठ वर्षांचा विचार करणे भाग पडले.

इथे हिशेब सुरू होतो. मांडीच्या हाडाची गुडघ्याजवळची ग्रोथ प्लेट वर्षाला सुमारे 1 सेंटिमीटर लांबी देते, नडगीची वरची सुमारे 6 मिलिमीटर. मुलींची ही वाढ साधारण चौदाव्या वर्षी थांबते, मुलांची सोळाव्या. आठ वर्षांच्या मुलीच्या मांडीच्या हाडाचे खालचे टोक काढले, तर चौदाव्या वर्षी त्या एका प्लेटपोटीच तो पाय सुमारे 6 सेंटिमीटर आखूड राहील. आपण शस्त्रक्रिया करतो ती आजच्या पायावर. मोजायचा असतो तो अजून न वाढलेला पाय.

यावरचे मार्ग पुस्तकात सविस्तर आले आहेत: लांबी वाढवता येणारा कृत्रिम सांधा, किरणोत्सार देऊन पुन्हा बसवलेले मुलाचे स्वतःचे हाड, आणि गाठीने ग्रोथ प्लेट ओलांडली नसेल तर पाम्प्लोना येथील कान्यादेल यांची, त्या प्लेटमधूनच हाड ताणून वेगळे करण्याची पद्धत. सर्वांत कमी वापरली जाणारी आणि मला सर्वांत न्याय्य वाटणारी शस्त्रक्रिया म्हणजे रोटेशनप्लास्टी. गाठीसह गुडघा काढून खालचा पाय 180 अंशांत फिरवून मांडीला जोडतात. टाच पुढे येते, घोटा गुडघ्याचे काम करतो आणि पाऊल कृत्रिम पायात बसते. व्हिएन्नात साल्झर आणि कोट्झ यांनी ती कर्करोगासाठी रुजवली. उलटे पाऊल पाहून आईवडील हबकतात, ते स्वाभाविकच. पण अशी मुले पळतात, सायकल चालवतात, आणि वाढवत न्यावा लागणाऱ्या सांध्याच्या वारंवार शस्त्रक्रियांतून सुटतात. निर्णयाआधी अशा शस्त्रक्रियेतून गेलेल्या मुलाशी त्या कुटुंबाची भेट घालून द्यावी. आकृत्या दाखवून हे समजत नाही.

विद्यार्थ्यांनी एक्स-रे वाचनाच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. पालक हे पुस्तक हाती घेणार असतील, तर त्यांनी थेट पुनर्वसनाच्या प्रकरणाकडे जावे. त्यांचे प्रश्न तिथे आधी घेतले आहेत: शाळा कधी सुरू होईल, मांडी घालून बसता येईल का, आणि दुसरा पाय वाढत असताना तपासणीला किती वेळा यावे लागेल.