हाँगकाँगची उशिरा आलेली मतपेटी

१९४१ च्या ऐन नाताळच्या दिवशी हाँगकाँगचे ब्रिटिश गव्हर्नर सर मार्क यंग यांनी जपान्यांपुढे शरणागती पत्करली. युद्धकैदेतून सुटून १९४६ च्या मे महिन्यात ते पुन्हा पदावर आले आणि ऑगस्टमध्ये त्यांनी लोकनियुक्त नगरपालिकेची योजना मांडली. नागरिकांना कारभारात जबाबदारीचा वाटा मिळावा, हा तिचा हेतू. मुंबईकरांना यात नवल वाटू नये. आपल्याकडे १८७२ च्या कायद्यानेच महापालिकेच्या ६४ पैकी ३२ सभासदांची निवड करदात्यांच्या हाती आली होती.

यंग १९४७ मध्ये परतले. नवे गव्हर्नर ग्रँथम यांना योजनेत रस नव्हता. १९४९ मध्ये शेजारी साम्यवादी सत्ता आली. आणि १९५२ मध्ये ब्रिटिश सरकारने ती गुंडाळून ठेवली. आमच्या मते खरे नुकसान झाले ते तेव्हाच. रस्ते, बाजार, सांडपाणी यांचे प्रश्न सोडवता सोडवता लोकप्रतिनिधींची एक पिढी घडली असती, ती घडलीच नाही.

पुढची तीस वर्षे जवळजवळ कोरडीच गेली. १९८२ मध्ये जिल्हा मंडळांच्या निवडणुका झाल्या. १९८४ मध्ये वसाहत चीनला परत देण्याचा करार झाला आणि मग मात्र हालचालींना वेग आला. १९८५ मध्ये विधिमंडळात अप्रत्यक्ष निवडणुकीने काही सभासद आले. १९९१ मध्ये ६० पैकी १८ जागा जनतेने थेट निवडल्या. आवराआवर करताना भाडेकरूला घराच्या किल्ल्या दाखवाव्यात, तसा हा प्रकार!

१९९२ मध्ये शेवटचे गव्हर्नर म्हणून ख्रिस पॅटन आले. ते कॅथलिक, आणि लोकशाहीवाद्यांचे अग्रणी बॅरिस्टर मार्टिन ली हेही कॅथलिकच. पॅटन यांनी मतदाराचे वय २१ वरून १८ वर आणले, जिल्हा मंडळांतील व नगर परिषदांतील सरकारनियुक्त जागा रद्द केल्या. विधिमंडळात व्यवसायवार मतदारसंघ होते. त्यांतील कित्येकांत मत माणसाला नसून कंपनीला होते. पॅटन यांनी ते व्यक्तीला दिले आणि नऊ नवे मतदारसंघ निर्माण करून सुमारे २७ लाख कामकरी लोकांना त्यांत सामावून घेतले. चीनचा संताप अनावर झाला. जून १९९४ च्या अखेरीस विधेयक सौम्य करू पाहणारी दुरुस्ती २९ विरुद्ध २८, अशी एका मताने पडली. गंमत अशी की ती पाडणाऱ्यांत कोणीही न निवडलेले तीन सरकारी अधिकारी होते.

१९९५ मध्ये पहिले पूर्णतः निर्वाचित विधिमंडळ आले. त्याला दोन वर्षांचेही आयुष्य लाभले नाही. १ जुलै १९९७ रोजी, चीनच्या ४०० जणांच्या निवड समितीने नेमलेल्या हंगामी मंडळाने त्याची जागा घेतली. कंपन्यांची मते परत आली. १९९९ च्या अखेरीस नगर परिषदाही बरखास्त झाल्या. टिकली ती जिल्हा मंडळे, आता परिषदा म्हणून. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांच्या ४५२ जागांसाठी ७१ टक्के मतदारांनी मतदान केले आणि लोकशाहीवाद्यांना प्रचंड यश मिळाले. २०२३ मध्ये कायदा बदलला. एकूण ४७० जागांपैकी जनतेने थेट निवडायच्या ८८ उरल्या. १९८२ मध्ये परकीय सरकारने दिल्या होत्या १३२.