सूक्ष्मबुडबुडे व अर्बुदांचे श्राव्यातीत निदान

श्राव्यातीत तरंगांच्या (मानवी कानाला ऐकू येणाऱ्या ध्वनीपेक्षा अधिक कंप्रतेच्या म्हणजे दर सेकंदास होणाऱ्या कंपनसंख्येच्या ध्वनितरंगांच्या) साहाय्याने शरीराच्या आतील इंद्रियांची प्रतिमा मिळविताना वायूचे अतिसूक्ष्म बुडबुडे नीलेतून रक्तात सोडतात. त्यांच्यामुळे रक्तप्रवाह उठून दिसतो आणि अर्बुद (नवीन कोशिकांच्या अत्यधिक वाढीमुळे बनलेली गाठ) कोणत्या प्रकारचे आहे, हे ठरविण्यास मदत होते. या तंत्राचा विकास मुख्यत्वे १९६८ नंतरचा असून त्याचा सर्वाधिक उपयोग यकृतातील गाठींच्या निदानात झाला आहे.

पूर्वपीठिका : प्येअर व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाबविद्युत् परिणामाचा शोध लावला. पहिल्या महायुद्धाच्या काळात पॉल लांझव्हँ यांनी त्याचा उपयोग पाण्याखालील वस्तूंचा प्रतिध्वनीवरून शोध घेण्यासाठी केला. वैद्यकातील पहिला मोठा प्रयत्न मात्र फसवा ठरला. ऑस्ट्रियातील तंत्रिकातज्ज्ञ कार्ल डुसिक यांनी डोक्यातून आरपार पाठविलेल्या तरंगांच्या साहाय्याने मेंदूतील अर्बुदे दाखविता येतात, असे १९४२ मध्ये मांडले. तथापि त्या आकृत्या मेंदूच्या नसून बव्हंशी कवटीच्या हाडामुळे उमटल्या होत्या, असे १९५० नंतर लवकरच दिसून आले.

परावर्तित प्रतिध्वनींची पद्धत अधिक फलदायी ठरली. अमेरिकेत जॉन वाइल्ड व जॉन रीड यांनी १९५२ मध्ये स्तनातील गाठींसह विविध ऊतकांचे (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकासमूहांचे) प्रतिध्वनी प्रसिद्ध केले. ग्लासगो येथील स्त्रीरोगतज्ज्ञ इअन डॉनल्ड यांनी जॉन मॅक्‌व्हिकार व अभियंता टॉम ब्राउन यांच्यासह उदरातील गाठींवरील आपला निबंध १९५८ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांच्याकडे आलेल्या एका स्त्रीला शस्त्रक्रियेपलीकडे गेलेला जठराचा कर्करोग असल्याचे निदान आधी झाले होते. प्रतिध्वनींवरून तो द्रवाने भरलेला पुटक (पिशवीसारखी गाठ) असावा असे दिसले. शस्त्रक्रियेत अंडाशयाचा प्रचंड पुटक निघाला व ती बरी झाली. घन गाठ व द्रवयुक्त गाठ यांतील भेद अशा रीतीने साध्य झाला. परंतु दोन घन गाठींपैकी मारक कोणती व निरुपद्रवी कोणती, हा प्रश्न शिल्लक राहिला. दोन्ही गाठींचे प्रतिध्वनी पुष्कळदा सारखेच असतात.

बुडबुड्यांचा शोध : या प्रश्नाचे उत्तर हृदयाच्या अभ्यासातून अनपेक्षितपणे मिळाले. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे रेमंड ग्रॅमिअक व प्रवीण शाह यांनी १९६८ मध्ये असे नोंदविले की, हृदयात बारीक नळीतून रंजकद्रव्य सोडताच प्रतिध्वनींचा दाट ढग उमटतो. हा परिणाम रंजकाचा नसून द्रव जोराने सोडताना निर्माण होणाऱ्या सूक्ष्म बुडबुड्यांचा आहे, असे पुढील प्रयोगांतून स्पष्ट झाले. द्रवाच्या मानाने वायू अतिशय विरल व दाबास सहज नमणारा असल्यामुळे त्यांच्या सीमेवरून ध्वनी फार मोठ्या प्रमाणात परत फिरतो. शिवाय मार्सेल मिन्नार्ट यांनी १९३३ मध्ये वाहत्या पाण्याच्या आवाजाचा विचार करताना दाखविल्याप्रमाणे प्रत्येक बुडबुड्याला त्याच्या आकारानुसार ठरावीक नैसर्गिक कंप्रता असते. केशवाहिन्यांतून जाऊ शकणाऱ्या काही मायक्रोमीटर व्यासाच्या बुडबुड्यांची ही कंप्रता काही मेगॅहर्ट्‌झ, म्हणजे नेमकी रोगनिदानात वापरल्या जाणाऱ्या तरंगांच्या पट्ट्यात येते. त्यामुळे तरंग आदळताच बुडबुडे आकुंचन-प्रसरण पावू लागतात. हा मेळ वैद्यकाच्या दृष्टीने केवळ सुदैवाचा आहे.

साधे हवेचे बुडबुडे रक्तात फार अल्पकाळ टिकतात आणि मोठे असल्यास फुप्फुसाच्या केशवाहिन्यांत अडकतात. म्हणून नीलेतून दिलेले बुडबुडे फुप्फुसे ओलांडून यकृतापर्यंत पोहोचत नसत. जपानमध्ये १९८६ साली मात्सुदा व याबूउची यांनी कार्बन डाय-ऑक्साइडाचे बुडबुडे थेट यकृताच्या रोहिणीत सोडून तेथील अर्बुदे उठावदार करून दाखविली. पण त्यासाठी रोहिणीत नळी घालावी लागे. दरम्यान स्टीव्हन फाइनस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये श्राव्यातीत तरंगांनी अल्ब्युमीन या प्रथिनाचे कवच असलेले लहान व टिकाऊ बुडबुडे तयार केले होते. त्यावर आधारलेल्या अल्ब्युनेक्स या औषधास अमेरिकेत १९९४ मध्ये मान्यता मिळाली. पुढील पिढीत हवेऐवजी रक्तात अत्यल्प विरघळणारे जड वायू आले. सल्फर हेक्झाफ्ल्युओराइड वायू व फॉस्फोलिपिडाचे कवच असलेले सोनोव्ह्यू हे औषध यूरोपात २००१ पासून वापरात आले. त्याच्या २.४ मिलि. मात्रेत सु. २० मायक्रोलिटर, म्हणजे एका थेंबाहूनही कमी वायू असतो व तो काही मिनिटांत श्वासावाटे बाहेर पडतो. जपानमध्ये २००७ पासून वापरात असलेले सोनाझॉइड यकृतातील कुप्फर कोशिका (रक्तातील परके कण गिळणाऱ्या कोशिका) आपल्यात सामावून घेतात. मारक अर्बुदात या कोशिका बहुधा नसल्याने ते काळ्या डागासारखे वेगळे दिसते.

यंत्रांतही बदल करावे लागले. प्रबळ तरंगांनी बुडबुडे फुटतात, म्हणून दाब कमी ठेवावा लागतो. १९९० नंतरच्या दशकात एकापाठोपाठ एक परस्परविरुद्ध असे दोन स्पंद पाठवून त्यांच्या प्रतिध्वनींची बेरीज करण्याची पद्धत प्रचारात आली. ऊतकांकडून येणारे प्रतिध्वनी या बेरजेत जवळजवळ शून्य होतात, तर बुडबुड्यांचे आकुंचन व प्रसरण विषम असल्याने त्यांचे प्रतिध्वनी उरतात. टोरांटो येथील पीटर बर्न्स व त्यांच्या सहकाऱ्यांचा या कामात महत्त्वाचा वाटा आहे.

निदानाचे तत्त्व : अर्बुद १-२ मिमी.पेक्षा मोठे होण्यासाठी त्यास नव्या रक्तवाहिन्या लागतात, हा विचार जूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला. यकृतास सु. तीन चतुर्थांश रक्त प्रवेशिका नीलेतून व उरलेले रोहिणीतून मिळते. अर्बुदांना मात्र ते मुख्यत्वे रोहिणीतून मिळते, असे १९५४ मध्येच दाखविण्यात आले होते. म्हणून बुडबुडे दिल्यावर पहिल्या सु. पाऊण मिनिटातील रोहिणी अवस्था, दोन मिनिटांपर्यंतची प्रवेशिका अवस्था व त्यानंतरची उत्तर अवस्था सलग पाहतात. यकृत कोशिकांचा कर्करोग रोहिणी अवस्थेत उजळतो व एका मिनिटानंतर सावकाश मंदावतो. अन्य इंद्रियांतून पसरलेली अर्बुदे एका मिनिटाच्या आतच ठळकपणे काळवंडतात. निरुपद्रवी वाहिन्यार्बुद कडेकडून आत भरत जाते व बहुधा उजळच राहते.

मतभेद : यूरोपातील श्राव्यातीत वैद्यक संघाने या तंत्राची पहिली मार्गदर्शक तत्त्वे २००४ मध्ये प्रसिद्ध केली. नंतर मात्र त्यास मोठा आक्षेप आला. यकृत सूत्रण रोगात (ज्यात निरोगी ऊतकाची जागा तंतुमय ऊतक घेते अशा रोगात) यकृतातील पित्तनलिकांचा कर्करोग या तपासणीत यकृत कोशिकांच्या कर्करोगासारखा भासू शकतो, असे २०१० मध्ये निदर्शनास आले. दोहोंचे उपचार भिन्न असल्याने ही चूक रुग्णास महाग पडते. संगणकीय छेददर्शनात वापरले जाणारे आयोडीनयुक्त द्रव्य रक्तवाहिन्यांबाहेर झिरपून अर्बुदाच्या तंतुमय भागात साठते. बुडबुडे मात्र रक्तवाहिन्यांतच राहतात. या फरकामुळे एकाच गाठीची दोन चित्रे वेगळी दिसतात. अमेरिकेतील यकृतरोग संघाने २०११ च्या, तर यूरोपातील संघाने २०१२ च्या मार्गदर्शनात या तपासणीस निर्णायक स्थान दिले नाही. याउलट ब्रिटनमधील राष्ट्रीय आरोग्य मूल्यमापन संस्थेने २०१२ मध्येच, साध्या श्राव्यातीत तपासणीत निश्चित न झालेल्या यकृताच्या गाठींसाठी तिची शिफारस केली. गाठ केव्हा व किती मंदावते यास महत्त्व देणारे निकष अमेरिकेतील प्रारणवैद्यांच्या संस्थेने २०१६ मध्ये आखले, त्याच वर्षी तेथे यकृतासाठी या औषधास मान्यता मिळाली आणि २०१८ मध्ये यूरोपीय यकृत संघानेही तिचा पुन्हा समावेश केला.

सुरक्षितता व मर्यादा : काही मृत्यूंच्या नोंदींनंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २००७ मध्ये बुडबुड्यांच्या औषधांवर कडक इशारा छापण्यास लावला, अधिक पुरावा तपासून २००८ मध्ये तो सौम्य केला. तीव्र अधिहर्षता (ॲलर्जी) उद्‌भवू शकते, पण ती विरळा आहे. या तपासणीत आयनीकारक प्रारण (किरणोत्सर्ग) नसते व औषध वृक्कांवाटे (मूत्रपिंडांवाटे) बाहेर पडत नाही. त्यामुळे वृक्के निकामी झालेल्या रुग्णांस व बालकांस ती विशेष सोयीची ठरते. उलटपक्षी आतड्यातील वायू व स्थूलता यांमुळे दृश्य अस्पष्ट होते, एका मात्रेत रोहिणी अवस्थेत बहुधा एकच गाठ नीट तपासता येते आणि निष्कर्ष तपासणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून राहतो. रोग शरीरात कोठवर पसरला आहे, हे पाहण्यासाठी संगणकीय छेददर्शन किंवा चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शन आवश्यकच असते.

नव्या रक्तवाहिन्यांवरील विशिष्ट ग्राहींना (रेणू ओळखून धरणाऱ्या प्रथिनांना) चिकटणाऱ्या बुडबुड्यांचे मानवावरील पहिले प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत पुरःस्थ ग्रंथी, स्तन व अंडाशय यांची अर्बुदे तपासण्यात आली. डुसिक यांच्या आकृत्यांपासून २०१० च्या आक्षेपापर्यंतचा इतिहास पाहता, प्रतिमेत दिसणारी खूण नेमकी कशामुळे उमटली, हे तपासल्यानंतरच या क्षेत्रातील प्रत्येक पद्धत विश्वासार्ह ठरली आहे. जेथे चित्र संदिग्ध राहते तेथे ऊतकाचा तुकडा काढून केलेली सूक्ष्मदर्शकीय परीक्षाच अंतिम निर्णय देते.