वेशीबाहेरचे गाव : आनंदवनाची वाटचाल

वर्धा–बल्लारशा लोहमार्गावर चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा हे गाव आहे. जून १९५१ मध्ये या गावाच्या वेशीबाहेर एक आगळा संसार राहायला आला. त्यात सहा कुष्ठरुग्ण, एक तरुण वकील, त्याची पत्नी, दोन लहान मुलगे आणि एक लंगडी गाय होती. गाठीला चौदा रुपये होते. पन्नास एकर जमीन मिळाली होती, पण ती खडकाळ आणि झुडपांनी भरलेली. वरोऱ्याची माणसे त्या बाजूला फिरकत नसत. पुढे याच माळावर महारोगी सेवा समितीचे आनंदवन उभे राहिले. वरोरा आणि आनंदवन यांच्यामधले अंतर जेमतेम दोन-तीन किलोमीटर. ते तुटायला किती वर्षे आणि किती हात लागले, त्याचा हा वृत्तांत.

कुष्ठरुग्णांची सेवा या देशात आधीपासून होत होती. आयर्लंडहून आलेल्या वेलस्ली बेली यांनी १८६९ मध्ये अंबाल्याला हे रुग्ण प्रथम पाहिले आणि १८७४ मध्ये त्यांच्यासाठी मिशन स्थापन केले. त्या मिशनने आणि इतर मिशनऱ्यांनी ठिकठिकाणी आश्रम काढले. मुंबईत महापालिका आयुक्त हॅरी ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये माटुंग्याला बेघर कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान सुरू झाले. वडाळ्याचे आजचे ॲकवर्थ रुग्णालय ते हेच. नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ मध्येच या रोगाचा जंतू शोधला होता, म्हणजे पूर्वजन्मीच्या पापाशी त्याचा संबंध नाही हे शास्त्राने सांगितले होते. तरीही १८९८ च्या कायद्याने निराधार रुग्णांना धरून डांबण्याची मुभा सरकारला दिली. वर्ध्याजवळ दत्तपूरला विनोबा भावे यांच्या प्रेरणेने मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये काम सुरू केले, तेव्हा या सेवेला गांधीविचाराची बैठक मिळाली. आनंदवन या परंपरेतले पुढचे पाऊल होते.

संस्थेचे संस्थापक मुरलीधर देविदास आमटे, म्हणजेच बाबा आमटे. त्यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाटला एका जमीनदार घरात झाला. नागपूरला कायद्याचे शिक्षण घेऊन ते वरोऱ्यात वकिली करू लागले. नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना सफाई कामगारांच्या कामाची जाण यावी म्हणून त्यांनी स्वतः डोक्यावरून मैला वाहिला. १८ डिसेंबर १९४६ रोजी इंदू घुले यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच पुढे सर्वांच्या साधनाताई झाल्या. वरोऱ्यात या दांपत्याने श्रमाश्रम चालवला आणि जातीपातीचा विचार न करता सर्वांना एका छपराखाली आणले.

एका पावसाळी रात्री बाबांना गटाराकाठी तुळशीराम नावाचा कुष्ठरुग्ण दिसला. त्याची बोटे झडली होती, अंगावर किडे वळवळत होते. आजवर कशालाही न भ्यालेले बाबा तेथून घाबरून निघून गेले. ती भीती त्यांना सोसवेना. ते परत आले, त्याला आडोसा करून दिला, अखेरपर्यंत त्याची शुश्रूषा केली. बाबांनी हा प्रसंग पुढे अनेकदा सांगितला आणि आपल्या भीतीची कबुली कधी लपवली नाही. संस्थेच्या स्थापनेचे मूळ या कबुलीत आहे.

१९४९ मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना झाली. डॉक्टर नसतानाही बाबांना कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचा अभ्यासक्रम करता आला. तेथे प्रयोगासाठी त्यांनी स्वतःच्या शरीरात या रोगाचे जंतू टोचून घेतले. रोग जडला नाही. त्याच सुमारास डॅप्सोन हे औषध हाती आले होते आणि कुष्ठरोग बरा होण्याची आशा प्रथमच निर्माण झाली होती. परतल्यावर वरोऱ्याच्या आसपासच्या गावांत साप्ताहिक दवाखाने सुरू झाले. रुग्ण बरे होऊ लागले, पण बरे झालेल्यांना घरचे घरात घेत नव्हते. औषधाने जंतू मरत होते, तरी गावाची वेस बरे झालेल्यांना बंदच होती. त्यांना स्वतःचे गाव हवे होते.

तेलंगणातील भूदानयात्रेहून पवनारकडे परतणाऱ्या विनोबांच्या हस्ते जून १९५१ मध्ये आनंदवनाचे उद्घाटन झाले. सुरुवातीचे दिवस अतिशय खडतर होते. कुडाच्या झोपड्या होत्या, साप-विंचवांचा सुळसुळाट होता, रानटी जनावरांचे भय होते. पाणी नव्हते, म्हणून आधी विहीर खणावी लागली. बोटे झडलेल्या हातांनी पहार आणि कुदळ धरून ती खणली. कुष्ठरोगात मज्जातंतू निकामी होतात, हातापायांची संवेदना जाते. जखम झाली तरी कळत नाही, ती चिघळते आणि त्यातून व्यंग येते. अशा हातांनी खडक फोडायचा तर दिवसाकाठी प्रत्येक हात तपासून मलमपट्टी करावी लागे. ते काम साधनाताईंनी आणि बाबांनी केले. दोन लहान मुलांना घेऊन या वस्तीत राहण्याचा साधनाताईंचा निर्णय संस्थेच्या इतिहासात बाबांच्या निर्णयाइतकाच मोठा आहे. ‘समिधा’ या आत्मकथनात त्यांनी त्या दिवसांची हकिकत सांगितली आहे.

दोन-तीन वर्षांत माळ पिकू लागला. धान्य घरचे झाले, भाजीपाला उरू लागला. तो विकायला वरोऱ्याच्या बाजारात नेला, तेव्हा कोणी घेईना. महारोग्यांनी पिकवलेल्या भाजीला हात लावायला लोक धजत नव्हते. खडकाने जेवढी कसोटी पाहिली, त्याहून मोठी कसोटी या बाजाराने पाहिली.

१९५४ मध्ये हा पेच सुटला. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे निरनिराळ्या देशांतील सुमारे पन्नास तरुण स्वयंसेवक आनंदवनात आले. तीन महिने ते रुग्णांबरोबर राहिले, त्यांच्या हातचे जेवले, त्यांच्या खांद्याला खांदा लावून दवाखान्याच्या इमारती बांधल्या. दूरदेशीची माणसे येथे निर्धास्त राहतात हे वरोऱ्याने पाहिले. उत्सुकतेने का होईना, गावकरी आनंदवनाची वाट चालू लागले. भाजी विकली जाऊ लागली, मागोमाग दूधही. वेशीतली पहिली फट अशी पडली.

पुढची दहा वर्षे वाढीची होती. १९५७ मध्ये नागपूरजवळ समितीचे अशोकवन सुरू झाले. आनंदवनात हातमाग, सुतारकाम, लोहारकाम, छपाई, पत्र्याचे डबे, पादत्राणे असे उद्योग निघाले. फुकट मिळालेली मदत माणसाला लाचार करते आणि कष्टाने मिळवलेली भाकरी त्याला उभे करते, हे सूत्र बाबांनी आरंभापासून धरले होते. त्यामुळे येथे येणारा प्रत्येक जण रुग्ण म्हणून दाखल झाला आणि कारागीर होऊन राहिला. बरे झालेल्यांची लग्ने झाली, घरे झाली.

१९६४ मध्ये आनंदनिकेतन महाविद्यालय सुरू झाले, पाठोपाठ कृषी महाविद्यालयही. या महाविद्यालयांचे मोल आकड्यांत सांगता येणार नाही. ज्या गावाने दहा वर्षांपूर्वी आनंदवनाची भाजी नाकारली होती, त्या गावाची मुले-मुली कुष्ठमुक्तांच्या श्रमातून उभ्या राहिलेल्या इमारतींत पदवीचे शिक्षण घेऊ लागली. वेशीबाहेरच्यांनी वेशीतल्यांसाठी महाविद्यालय काढले. १९६६ मध्ये अंध मुलांची शाळा सुरू झाली. पुढे कर्णबधिरांची शाळा आणि अपंगांना व्यवसाय शिकवणारे संधिनिकेतन आले. ज्यांना कोणी सांभाळत नव्हते, ते इतरांचा सांभाळ करू लागले.

याच काळात महाराष्ट्रातील लेखक, कलावंत आणि कार्यकर्ते आनंदवनाशी जोडले गेले. त्यांत पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांचे नाव आदराने घ्यावे लागेल. पुलंच्या बालपणाची पहिली वर्षे आपल्या जोगेश्वरीच्या सरस्वती बागेत गेली, ही या परिसराला अभिमानाची गोष्ट. आनंदवनाच्या मित्रमेळाव्याला हे दांपत्य जात राहिले. त्यांच्या लेखणीने आणि मैत्रीने मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गाला वरोऱ्याची वाट दाखवली. शेकडो अनाम देणगीदार आणि सुट्टीत श्रम करायला जाणारे विद्यार्थी या वाटेने गेले. १९६७ मध्ये समितीचा सोमनाथ प्रकल्प सुरू झाला आणि तेथील उन्हाळी श्रमसंस्कार छावणीतून तरुणांच्या अनेक पिढ्या घडल्या.

२३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडच्या जंगलात हेमलकसा येथे समितीच्या लोकबिरादरी प्रकल्पाची सुरुवात झाली. बाबांचे पुत्र डॉ. प्रकाश आणि त्यांच्या पत्नी डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया गोंड आदिवासींच्या आरोग्य-शिक्षणासाठी तेथे आयुष्य दिले. २००८ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आनंदवनाची धुरा दुसरे पुत्र डॉ. विकास आणि त्यांच्या पत्नी डॉ. भारती आमटे यांनी वाहिली. टाकाऊ प्लास्टिक आणि टायर यांचा बांधकामात वापर, जलसंधारण, अपंग कलावंतांचा ‘स्वरानंदवन’ वाद्यवृंद ही त्यांच्या काळातली कामे.

पाठीच्या कण्याच्या विकाराने बाबांना बसणे अशक्य झाले होते. एक तर उभे राहायचे, नाही तर आडवे व्हायचे. त्या अवस्थेत त्यांनी १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून भारत जोडो यात्रा काढली आणि १९९० मध्ये नर्मदाकाठी कसरावदला मुक्काम हलवला. पद्मश्री (१९७१), डेमियन-डटन पुरस्कार (१९८३), मॅगसेसे (१९८५), पद्मविभूषण (१९८६), टेम्पल्टन (१९९०) आणि गांधी शांतता पुरस्कार (१९९९) हे सन्मान त्यांच्याबरोबर संस्थेलाही मिळाले. ९ फेब्रुवारी २००८ रोजी बाबा गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे आनंदवनाच्या मातीतच त्यांचे दफन झाले. ९ जुलै २०११ रोजी साधनाताईही गेल्या. आज कुटुंबाची तिसरी पिढी आणि आनंदवनातच वाढलेले कार्यकर्ते काम पुढे नेत आहेत.

बाहेरचे जगही बदलले. १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि पुढे कुष्ठरोग सहा ते बारा महिन्यांत बरा होऊ लागला. डिसेंबर २००५ मध्ये देशातील रुग्णांचे प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली आले. १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण ठरवणारी कलमे २०१९ मध्ये वगळली गेली. पूर्वी सर्वांच्या तोंडी असलेला ‘महारोगी’ हा शब्द मागे पडला, आता ‘कुष्ठमुक्त’ म्हणतात. संस्थेने मात्र आपले जुने नाव बदललेले नाही. कोठून सुरुवात झाली, त्याची ती खूण आहे.

रोग संपलेला नाही, आणि त्याची भीतीही संपलेली नाही. जोगेश्वरीच्या चाळींत आणि वस्त्यांत भिंतीला भिंत लागून घरे आहेत. येथे कोणी वेशीबाहेर राहत नाही, तरी अंगावरचा चट्टा लपवणारी माणसे आहेत. त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, त्या जागी स्पर्श कळेनासा झाला, हातापायांना बधिरपणा आला, तर तपासणी करून घ्यावी. सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यांत उपचार मोफत मिळतात, आणि ते सुरू होताच संसर्गाचा धोका झपाट्याने कमी होतो. वेळेत औषध घेतले तर सहसा व्यंग येत नाही. आपल्या इमारतीत, कारखान्यात, ओळखीत असे कोणी असेल, तर त्याला नुसता पत्ता सांगू नये. त्याच्यासोबत दवाखान्यापर्यंत जावे.