न विरघळणारा रंग

1877 च्या जुन्या मिलपासून अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमागांपर्यंत सोलापूरने सूत विणले. पण त्यावरचा रंग टिकतो तो रंगाच्या पुडीच्या न विरघळण्यामुळे. पाण्यात सहज विरघळणारी पूड धुण्यात तितक्याच सहज निघून जाते. 1901 साली जर्मनीत रेने बोन यांनी शोधलेला इंडान्थ्रीन निळा साध्या पाण्यात विरघळतच नाही. कॉस्टिक सोडा आणि हायड्रोसल्फाइट यांच्या संगतीत तो विरघळतो, सुतात शिरतो आणि हवा लागताच पुन्हा अविद्राव्य होऊन आतच अडकतो. आपली नीळही शतकानुशतके याच वाटेने कापडावर चढली. कोणी म्हणेल, रिअ‍ॅक्टिव्ह रंग तर साध्या पाण्यात विरघळतात. खरे आहे, पण 1956 साली बाजारात आलेले हे रंगही अल्कलीत सुताशी रासायनिक बंध जोडतात, तेव्हाच टिकतात. म्हणून रंगाऱ्याचे कसब पूड विरघळवण्याइतकेच तिला सुतात कायमचे थांबवण्यात आहे.