पिकअपची पायरी का निखळते? दुरुस्तीपूर्वी जाणून घ्यावे असे काही

पहाटे भाजीपाल्याच्या बाजारात गाड्यांच्या रांगा लागल्या की दाराखालची पायरी तारेने किंवा जुन्या ट्यूबच्या पट्टीने बांधलेली एखादी पिकअप हमखास दृष्टीस पडते. बंपरला पोचा आला तर गाडीमालक अस्वस्थ होतो; लोंबकळणाऱ्या पायरीकडे मात्र तो महिनोन् महिने दुर्लक्ष करतो. वास्तविक या पायरीवर दिवसातून शेकडो वेळा माणसाचा पूर्ण भार पडत असतो. खांद्यावर गोणी असलेल्या हमालाच्या पायाखालून ती निसटली तर घोटा किंवा कंबर कायमची जायबंदी होऊ शकते. महामार्गावर ती गळून पडली, तर मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला सावरायला वेळही मिळत नाही.

पूर्वीच्या मोटारींना दोन्ही बाजूंनी लांब फूटबोर्ड असे. मोटारींची उंची कमी होत गेली तसा तो नाहीसा झाला. पिकअपची केबिन मात्र चॅसीवर उंच बसविलेली असल्याने तिला पायरीची गरज राहिली. काही गाड्यांना ती कारखान्यातूनच येते, तर अनेक गाड्यांना ती नंतर बाजारातून बसविली जाते. नळीची असो वा पत्र्याची, ती दोन किंवा तीन ब्रॅकेटवर तोललेली असते आणि बिघाड होतो तो बहुधा या ब्रॅकेटच्या जोडातच.

याचे कारण साध्या तरफेच्या नियमात आहे. समजा, ७० किलो वजनाच्या माणसाचा पाय बोल्टपासून २० सेंटिमीटर बाहेर पडतो आणि ब्रॅकेटचे वरचे-खालचे बोल्ट एकमेकांपासून ५ सेंटिमीटर अंतरावर आहेत. अशा वेळी वरच्या बोल्टवर येणारी ओढ ७० किलोची नसते. ती चौपट, म्हणजे सुमारे २८० किलोची होते. त्याच माणसाच्या खांद्यावर कांद्याची ५० किलोची गोणी असेल तर हीच ओढ ४८० किलोंवर जाते. तो दाणकन उतरला तर ती आणखी वाढते. पायरी जितकी रुंद तितकी ही तरफ लांब. ऐटीसाठी बाहेर काढलेल्या रुंद पायऱ्या लवकर का निखळतात, याचे उत्तर येथे मिळते.

ही ओढ एकदाच येऊन थांबत नाही. खड्ड्याखड्ड्यांतून गाडी धावताना रिकामी पायरीदेखील सतत थरथरत असते. अशा हजारो लहान हिसक्यांनी लोखंड थकते आणि ब्रॅकेटच्या वळणावर किंवा वेल्डिंगच्या कडेला केसासारखी बारीक चीर पडते. पावसाळ्यात चिखल व पाणी त्या चिरेत आणि दाराखालच्या पोकळ पत्र्यात साचून राहते. कोकणपट्टीतील खाऱ्या हवेत तर पत्रा आतून सडत जातो आणि बाहेरचा रंग शाबूत दिसत राहतो. त्यामुळे ब्रॅकेट धडधाकट, बोल्टही नवा, पण ज्या पत्र्याला तो धरून आहे तोच पापडासारखा झालेला, असा प्रकार पुष्कळदा आढळतो.

म्हणूनच वेल्डिंगचे यंत्र सुरू करण्याआधी नेमके काय निकामी झाले आहे हे पाहणे आवश्यक ठरते. पायरी हाताने वरखाली हलवून पाहावी. ब्रॅकेटसह आजूबाजूचा पत्राही हलत असेल तर दोष पत्र्यात आहे. ब्रॅकेट स्थिर राहून पायरीच हलत असेल तर चीर ब्रॅकेटमध्ये किंवा पायरीच्या जोडात शोधावी. बोल्टचे गोल छिद्र लांबट झाले असल्यास तो बोल्ट बरेच दिवस ढिला होता असे समजावे. तारेच्या ब्रशने चिखल व गंज काढल्याशिवाय यातले काहीही दिसत नाही.

जाड पट्टीचा मोह

तुटलेल्या ब्रॅकेटवर जाड लोखंडी पट्टी मारून देणे हा गॅरेजमधला सर्रास चालणारा उपाय. पण भार नाहीसा होत नाही, तो फक्त पुढे सरकतो. ब्रॅकेट वाकेनासा झाला की तोच भार पातळ पत्र्यावर येतो आणि पुढच्या वेळी बोल्ट पत्र्याचा तुकडा घेऊनच बाहेर पडतो. ब्रॅकेटला बळकटी द्यायचीच तर वळणाच्या आतल्या बाजूस त्रिकोणी पट्टी जोडावी आणि पत्र्याच्या मागे रुंद प्लेट द्यावी, म्हणजे ओढ एका छिद्राभोवती न एकवटता मोठ्या क्षेत्रावर विभागली जाते. बंद पोकळीत प्लेट घालता येत नसेल तर सडलेला भाग कापून नवा पत्रा जोडणे हाच मार्ग उरतो. सडलेल्या पत्र्यावर केलेले वेल्डिंग धरत नाही.

याहून मोठी चूक म्हणजे पायरीचा एक टेकू केबिनला आणि दुसरा चॅसीला देणे. पिकअपची केबिन चॅसीवर रबरी बुशांवर बसलेली असते. खडबडीत रस्त्यावर चॅसी पिळवटते, केबिन मात्र रबरामुळे काहीशी स्वतंत्र हलते. पायरीने या दोघांना घट्ट जखडले की दोघांमधील सगळी ओढाताण त्या बिचाऱ्या ब्रॅकेटला सोसावी लागते. टेकू द्यायचे ते सर्व केबिनला, नाही तर सर्व चॅसीला. जड वापराच्या गाडीत चॅसीचा आधार केव्हाही श्रेयस्कर. मात्र चॅसीच्या वरच्या-खालच्या आडव्या कडांना छिद्र पाडू नये, कारण वाकण्याचा मुख्य ताण त्याच कडा पेलतात. उभ्या बाजूस मुळात असलेल्या छिद्रांचा उपयोग करावा. चॅसीवर थेट वेल्डिंग करण्याचा मोहही टाळावा. उष्णतेने तेथील पोलादाचे गुण बदलतात आणि नवी चीर पडण्यास जागा मिळते.

ब्रॅकेटमधील चीर लहान असेल तर तो काढून, टेबलावर ठेवून दुरुस्त करता येतो. चिरेच्या टोकाला सुमारे ३ मिलिमीटरचे छिद्र पाडल्यास ती पुढे सरकायची थांबते. मग ग्राइंडरने चिरेवर खाच करून दोन्ही बाजूंनी वेल्डिंग करावे. वरवर मारलेला थर दिसायला छान, पण आत चीर तशीच राहते. एकाच जागी दुसऱ्यांदा चीर गेली असेल तर मात्र ब्रॅकेट बदललेलाच बरा.

गाडीवरच वेल्डिंग करावे लागले तर बॅटरीची ऋण तार आधी काढावी, अन्यथा इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाला इजा पोहोचू शकते. अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावावा. डिझेलची टाकी, इंधनाची व ब्रेकची नळी कोठून गेली आहे ते पाहून घ्यावे. सीएनजीवरील गाडीत तर सिलिंडर व नळ्यांची खातरजमा होईपर्यंत ठिणगी पडू देऊ नये. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वेल्ड करताना निघणारा पांढरा धूर ताप आणणारा असतो. त्यामुळे आधी मुलामा घासून काढावा आणि काम मोकळ्या हवेत करावे.

बोल्टच्या डोक्यावरील ८.८ हा आकडा शोभेचा नव्हे. पहिला आकडा त्या पोलादाची ताणशक्ती, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन, दर्शवितो. दुसऱ्याचा अर्थ असा, की त्याच्या ८० टक्के ताणापर्यंत बोल्ट कायमचा लांबत नाही. आकडा नसलेला स्वस्त बोल्ट येथे वापरू नये. आवळण्यासाठी उत्पादकाने दिलेले माप पाळावे. ते उपलब्ध नसल्यास जाड पत्र्यावर ८ मिलिमीटरच्या अशा बोल्टला साधारण २५ आणि १० मिलिमीटरच्या बोल्टला साधारण ५० न्यूटन-मीटर हा अंदाज घेता येतो. नायलॉनची कडी असलेला नट व रुंद वॉशर असावेत. काम झाल्यावर उघड्या लोखंडाला रेडऑक्साइड व रंग द्यावा, आणि पोकळीतील पाणी निचरण्याची छिद्रे रंगाने बुजणार नाहीत हे पाहावे.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमाच्या आधारे मूळ रचनेत फेरफार करण्यास मनाई असल्याचे स्पष्ट केले. साहजिकच तुटलेली पायरी पूर्ववत करताना गाडीची रुंदी वाढविणे अंगलट येऊ शकते. त्याच कायद्याच्या कलम १२३ अन्वये पायरीवर माणूस उभा करून गाडी चालविण्यासही बंदी आहे. बाजाराच्या फाटकापासून गाळ्यापर्यंत पायरीवर लटकत जाणारे हमाल पाहता हे कलम फारसे कोणाच्या गावी नसावे.

दुरुस्तीनंतर नट आणि शेजारच्या पत्र्यावरून रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवावी. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर, आणि पुढे दर सर्व्हिसिंगच्या वेळी ती पाहावी. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला आहे आणि पाना हातात घेण्याची वेळ झाली आहे.