ग्वाल्हेरचा मेळा, छापखाना आणि शेतकऱ्याचा प्रश्न

शेतीतले नवे ज्ञान शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोचविणे हे एकट्यादुकट्याचे काम नाही, ही गोष्ट आज कोणीही सहज मान्य करील. बियाणे विकणारा व्यापारी, अवजारे घडविणारा कारखानदार, पत्र छापणारा मुद्रक, सरकारचे शेतकी खाते, आकाशवाणी, अशा कितीतरी हातांतून ते ज्ञान जात असते. यांतील प्रत्येकाची आपली संस्था असते, आपला संघ असतो आणि अर्थातच आपले हितसंबंधही असतात. हे संघ एकमेकांशी कधी, कसे आणि कोणाच्या सांगण्यावरून जोडले गेले, याचा इतिहास मात्र आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही. तहनाम्यांचा आणि मोहिमांचा इतिहास आपण आवडीने वाचतो. गुरांच्या बाजाराचाही इतिहास असू शकतो हे आपल्या ध्यानात येत नाही. आज तो थोडासा सांगण्याचा मानस आहे, आणि त्याचा आरंभ ग्वाल्हेरपासून करावयाचा आहे.

ग्वाल्हेर म्हटले की मराठी माणसाला महादजी शिंदे आठवतात, तेथील गायकी आठवते, राजकवी भास्करराव तांबे आठवतात. १९६१ साली मराठी साहित्य संमेलन तेथे भरले आणि कुसुमावती देशपांडे यांच्या रूपाने प्रथमच एक विदुषी त्याच्या अध्यक्षपदी बसल्या, हेही जाणकारांच्या स्मरणात असेल. परंतु १९०५ आणि १९०६ या दोन वर्षांत त्या शहरात ज्या तीन गोष्टी घडल्या, त्यांचा एकत्र विचार झाल्याचे माझ्या तरी वाचनात नाही. १९०५ साली तेथे गुरांचा मेळा सुरू झाला. त्याच साली ‘जयाजी प्रताप’ हे पत्र निघाले. आणि १९०६ साली व्यापाऱ्यांचे चेंबर ऑफ कॉमर्स स्थापन झाले. एक बाजार, एक छापखाना आणि एक व्यापारी संघ! तिन्हींच्या मागे माधवराव शिंदे हे एकच नाव होते.

माधवराव १८८६ साली गादीवर आले तेव्हा जेमतेम दहा वर्षांचे होते. १८९४ साली त्यांच्या हाती पूर्ण अधिकार आला. त्यानंतर पाचसहा वर्षांतच संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा, तो भयंकर दुष्काळ राजपुताना आणि मध्य हिंदुस्थानावर कोसळला. ‘छप्पनिया’ या नावाने त्याची आठवण त्या भागात पुढे कित्येक पिढ्या निघत असे. दुष्काळात धान्य जाते ते पुढच्या पावसाने परत येते. पण गोठा एकदा रिकामा झाला की तो भरण्यास वर्षे लागतात, आणि बैलावाचून पाऊस पडूनही शेत पडीक राहते. या पार्श्वभूमीवर १९०५ चा मेळा गुरांचा असावा, यात नवल ते काय? आरंभी तो सागरताल परिसरात भरत असे. पुढे त्याला रेसकोर्स रस्त्यावरची आजची विस्तीर्ण जागा मिळाली.

मेळा म्हणजे निव्वळ खरेदी-विक्री, असे शहरी माणसाला वाटते. वस्तुतः ज्या मुलखात अक्षरओळख असलेला माणूस गावात एखादाच, तेथे मेळा हेच वर्तमानपत्र होते. चांगला बैल कसा असतो हे शेतकऱ्याला छापून सांगता येत नाही; तो त्याला दाखवावा लागतो. दात पाहून वय ठरविणे, खांद्यावर हात फिरवून जू सोसण्याची ताकद अजमावणे, चालवून पाहणे, हा सारा पाठ बाजारात चारचौघांसमोर होत असे. शेजारच्या गावी कोणते बी पेरले, कोठे पटकी पडली, कोणत्या सावकाराने व्याज वाढविले, या वार्ता बैलाच्या सौद्याबरोबर फुकट मिळत. कोणत्याही शेतकी मासिकाला अद्याप हे इतक्या स्वस्तात साधलेले नाही.

‘जयाजी प्रताप’ची गोष्ट निराळी. महाराजांच्या पित्याचे, जयाजीरावांचे नाव धारण करणारे हे पत्र दरबारचे होते आणि ते आलीजाह दरबार प्रेसमध्ये छापले जाई. त्याची मुख्य भाषा हिंदी होती. लष्कर भागात वस्ती करून राहिलेली मराठी घराणी त्या काळी सरदारकीत, कचेरीत आणि शाळेत होती. शेतावर राबणारा मनुष्य घरी व्रज किंवा बुंदेलीच्या वळणाची बोली बोलत होता. हुकूम काढणाऱ्याची भाषा एक, छापणाऱ्याची दुसरी आणि नांगर धरणाऱ्याची तिसरी, असा हा त्रिवेणी संगम होता. त्यात सरस्वती गुप्त असावी हे ओघानेच आले! कागदावरचा मजकूर पाटलाने किंवा पटवाऱ्याने वाचून दाखवावा तेव्हाच तो शेतापर्यंत जाणार, आणि वाचणारा आपल्या सोयीचे तेवढेच वाचणार.

व्यापाऱ्यांच्या चेंबरने मात्र चांगले मूळ धरले. मध्यप्रदेश चेंबर ऑफ कॉमर्स ॲण्ड इंडस्ट्री या नावाने ते ग्वाल्हेरात आजही नांदते आहे. मेळा, पत्र आणि चेंबर यांत त्या काळी समन्वयाची अडचण नव्हती, कारण तिन्ही दोऱ्या एकाच मुठीत होत्या. हुकुमाने झालेले हे सहकार्य होते. ते झटपट झाले, नेटके झाले. परंतु त्यात एक आसन रिकामे होते. व्यापाऱ्याला बोलावयास चेंबर होते, दरबाराला बोलावयास पत्र होते. शेतकऱ्याला पाहावयास मेळा होता आणि ऐकावयास पटवारी होता. त्याने स्वतः बोलावे अशी जागा या व्यवस्थेत कोठेच नव्हती.

हा दोष ग्वाल्हेरपुरता नव्हता, आणि केवळ राजेरजवाड्यांचाही नव्हता. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा ‘दीनबंधु’ हे बहुजनांच्या कैवाराचे पत्र हाताशी होते. नारायण मेघाजी लोखंड्यांनी त्याची पहिली दोन प्रकरणे त्यात छापली आणि पुढची छापली नाहीत. फुल्यांनी मग ती प्रकरणे ठिकठिकाणी वाचून दाखविली. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांनाही ऐकविली. आपल्याच मित्राच्या छापखान्याचे दार जेथे अर्ध्यावर मिटते, तेथे परक्याच्या छापखान्याची काय कथा? पण या प्रसंगातील दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. शेतकऱ्यांसाठी लिहिलेला ग्रंथ आरंभी कानांवाटे पसरला, डोळ्यांवाटे नव्हे.

व्यापाराने स्वतःच्या गरजेपोटी हे काम कसे उचलले, याचे उत्तम उदाहरण किर्लोस्करवाडीचे. लोखंडी नांगराने जमिनीत विष उतरते, असा समज शेतकऱ्यांत होता आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पहिले नांगर त्यापायी धूळ खात पडले. नांगर विकावयाचा तर आधी तो समज काढणे भाग होते. १९२० साली निघालेल्या ‘किर्लोस्कर खबर’चा जन्म या कारखान्याच्या पोटीच झाला. शंकरराव किर्लोस्करांच्या हाती ते पत्र इतके वाढले की पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून मध्यमवर्गीय घराघरांत गेले. वाङ्मयाच्या दृष्टीने हा मोठाच लाभ झाला; पण ते नांगराच्या जवळून दूर गेले, हेही खरे. जो वाचतो आणि वर्गणी भरतो, त्याच्याकडे पत्र ओढले जाणारच.

आता थोडे सातासमुद्रापलीकडे जाऊ. कारण पुढे आपल्या पुण्यास जे घडले त्याचे बीज तेथून आले. अमेरिकेत शेतकी पत्रांच्या संपादकांनी १९२१ साली आपला संघ काढला होता, १९४४ साली शेतीविषयक कार्यक्रम करणाऱ्या ध्वनिक्षेपकांनी आपला. हे व्यवसायबंधूंचे संघ होते. कॅनडात १९४१ साली जे झाले ते यांहून वेगळे. तेथे तीन संस्था एकत्र आल्या: राष्ट्रीय नभोवाणी, प्रौढशिक्षणाची संघटना आणि शेतकऱ्यांचा स्वतःचा महासंघ. ग्वाल्हेरात रिकामे राहिलेले आसन येथे पहिल्या दिवसापासून भरलेले होते! प्रौढशिक्षणवाल्यांनी वाचण्याचा मजकूर सिद्ध करावा, नभोवाणीने तो विषय ठरल्या संध्याकाळी बोलून दाखवावा, खेड्यातील मंडळींनी कोणाच्या तरी घरी जमून तो ऐकावा, त्यावर वाद घालावा आणि आपले मत लिहून पाठवावे. त्या मतांचा सारांश पुन्हा नभोवाणीवरून सांगितला जाई. वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा, असे त्यांचे चार शब्दांचे ब्रीद होते. भरभराटीच्या काळात अशी हजाराहून अधिक मंडळे होती. १९६५ साली हा उपक्रम थांबला.

युनेस्कोने ही कल्पना उचलली आणि तिच्या प्रयोगासाठी जागा निवडली ती पुणे आकाशवाणीच्या टापूतील मराठी खेड्यांची. १९५६ सालच्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत ही श्रोतृमंडळे चालली. आठवड्यातून दोन संध्याकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. आकाशवाणीचे तेव्हाचे प्रमुख जगदीशचंद्र माथुर हे स्वतः हिंदीतले नामांकित नाटककार होते. शब्द कानाला कसा लागतो हे त्यांना सांगावे लागत नव्हते. फलिताची तपासणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने पॉल न्यूराथ यांच्या मार्गदर्शनाखाली केली, आणि ती मोठ्या काटेकोरपणे केली. मंडळे असलेली गावे, रेडिओ असून मंडळ नसलेली गावे आणि रेडिओच नसलेली गावे, अशी तुलना त्यांनी मांडली. ज्या गावी मंडळ होते तेथील लोकांच्या ज्ञानात लक्षणीय भर पडली; नुसता रेडिओ असलेल्या गावी ती फारच थोडी दिसली.

हा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. यंत्र एकच, आवाज एकच, बोलणारा एकच. फरक केला तो कार्यक्रम संपल्यावर कंदिलाभोवती बसून घातलेल्या वादाने. मंडळात वीसेक माणसे असत, एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक असे. ते प्रश्न लिहून पुण्यास पाठवीत आणि त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांत येत. आपल्या गावचे नाव आणि आपली शंका रेडिओतून ऐकू येणे, याचे त्या माणसांना किती अप्रूप वाटले असेल! न्यूराथ यांनी आणखी एक गोष्ट नोंदविली. ही मंडळे ऐकण्यापुरती राहिली नाहीत. गावाने काय करावे हे ठरविणारी ती एक छोटी सभाच होऊ लागली.

१९५९ साली हा उपक्रम देशभर पसरविण्याचे ठरले. मंडळांची संख्या हजारोंनी वाढली. पुण्यातील पहिली टवटवी मात्र टिकली नाही. त्याचे कारण शोधावयास फार लांब जावे लागत नाही. प्रयोगाच्या वेळी मंडळांकडे लक्ष देणारी माणसे होती, प्रश्नाला उत्तर देण्याची जबाबदारी कोणाची हे ठरलेले होते. विस्तारात आकाशवाणीने कार्यक्रम करावा, विकासखात्याने मंडळे सांभाळावी, अशी वाटणी झाली आणि दोहोंच्या मधल्या फटीत शेतकऱ्याचे पत्र पडू लागले. शिवाय कॅनडात जो तिसरा भागीदार होता, शेतकऱ्यांचा स्वतःचा संघ, तो पुण्याच्या प्रयोगातही नव्हता. असता तर त्याने ती पत्रे उचलून खात्याच्या टेबलावर आपटली असती.

ग्वाल्हेरला स्वतःचे आकाशवाणी केंद्र मिळाले ते १९६४ साली. वेळ मोठी मोक्याची होती. कोट्याचा बंधारा १९६० साली पुरा होऊन चंबळेचे पाणी कालव्यांवाटे मुरैना आणि भिंड या भागांत येऊ लागले होते. कोरडवाहू शेतकऱ्याला पाणी कसे द्यावे हे नव्याने शिकावयाचे होते. शेतकी महाविद्यालय ग्वाल्हेरात १९५० पासून होतेच. १९६६ पासून आकाशवाणीने निवडक केंद्रांवर शेती व गृह विभाग उघडले. तंजावरकडे तर भाताची एक नवी जात रेडिओमुळे इतकी फैलावली की शेतकरी तिला ‘रेडिओचा भात’ म्हणू लागले. एवढे यश सर्वत्र आले नाही हे खरे. पण केंद्र, महाविद्यालय आणि बियाण्याचा व्यापारी हे तिघे एकाच हंगामात एकच गोष्ट सांगू लागले की काय होते, याचा तो पुरावा आहे.

त्यानंतरचा काळ आपल्या डोळ्यांसमोरचा आहे. २००४ साली शेतकऱ्यांसाठी दूरध्वनीवरील प्रश्नोत्तरांची सरकारी सोय झाली. २००८ साली ग्वाल्हेरात राजमाता विजयाराजे सिंदिया यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. दूरध्वनीवर शेतकऱ्याला त्याच्या भाषेत उत्तर मिळते, आणि पुण्याहून उत्तर येण्याची वाट पाहण्यापेक्षा ते केव्हाही लवकर मिळते. परंतु एकाने विचारलेला प्रश्न दुसऱ्याच्या कानी पडत नाही. १९५६ साली एका खेड्याने उंदरांविषयी विचारले तर ते दीडशे गावे ऐकत असत. आज तीच शंका दीडशे माणसे दीडशे वेळा विचारतात आणि आपल्यासारखी दुसऱ्यालाही अडचण आहे, हे त्यांतील एकालाही कळत नाही.

मेळा मात्र अजून भरतो. १९९६ च्या कायद्याने त्याच्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण झाले असून दर हिवाळ्यात तेथे कोट्यवधींची उलाढाल होते. गेल्या काही वर्षांत त्याचे मोठे आकर्षण म्हणजे मोटारी. मेळ्यात घेतलेल्या गाडीवर सरकार रस्तेकरात निम्मी सूट देते, आणि त्या सुटीसाठी व्यापारी संघ भोपाळकडे वेळेवर मागणी नेतात. शेतकरीही तेथे येतो. पाळण्यात बसलेल्या मुलांकडे लक्ष ठेवीत तो अवजारांच्या दुकानाशी थांबतो, किंमत विचारतो, आणि शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला हळूच विचारतो, “तुमच्याकडे यंदा सरसूवर मावा पडला का?”