पदवीपूर्व संशोधन आणि जीवभौतिकी : ऑक्सफर्डचे चौथे वर्ष

आधी पदवी, मग संशोधन, हा क्रम विद्यापीठीय शिक्षणात दीर्घकाळ गृहीत धरला गेला. ऑक्सफर्डच्या रसायनशास्त्र विभागाने तो १९१६ मध्ये मोडला. प्राध्यापक विल्यम हेन्री पर्किन (धाकटे) यांच्या पुढाकाराने ऑनर्स अभ्यासक्रमास चौथे वर्ष जोडण्यात आले व ते सर्वस्वी संशोधनास देण्यात आले. जीवभौतिकीस या वर्षाने काय दिले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

डॉरोथी क्रोफूट (विवाहोत्तर हॉजकिन) यांनी १९२८ मध्ये सॉमरव्हिल कॉलेजात प्रवेश घेतला. चौथ्या वर्षी एच. एम. पॉवेल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी थॅलियमच्या काही सेंद्रिय संयुगांची स्फटिकरचना क्ष-किरणांच्या साहाय्याने अभ्यासली. या विषयाचा सजीवांशी संबंध नव्हता. परंतु छायाचित्रातील ठिपक्यांवरून अणूंची मांडणी ठरविण्याची पद्धती त्यांना येथेच अवगत झाली. १९३२ मध्ये त्या केंब्रिजला जे. डी. बर्नाल यांच्याकडे गेल्या आणि १९३४ मध्ये उभयतांनी पेप्सिन या प्रथिनाच्या स्फटिकाविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोरडा पडताच स्फटिकाची अंतर्गत व्यवस्था ढासळते. म्हणून तो मूळ द्रवासह काचेच्या केशनलिकेत ठेवून त्याचे विवर्तनचित्र घेण्यात आले होते. प्रथिनांच्या रेणूंनाही निश्चित रचना असते, हे त्यावरून दिसून आले. पुढे पेनिसिलिन, बी-१२ जीवनसत्त्व आणि १९६९ मध्ये इन्शुलिन यांच्या रचना हॉजकिन यांनी सहकाऱ्यांसह उलगडल्या. १९६४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

मात्र हे वर्ष केवळ असामान्य प्रज्ञेसाठी होते, असे मानणे योग्य होणार नाही. मार्गारेट रॉबर्ट्स, म्हणजेच पुढे ब्रिटनच्या पंतप्रधान झालेल्या थॅचर, यांनी १९४६-४७ मध्ये हॉजकिन यांच्याकडेच ग्रॅमिसिडिन-एस या प्रतिजैविकावर काम केले. त्याची रचना त्या वर्षी उलगडली नाही. त्यांना पदवीही द्वितीय वर्गाची मिळाली. तथापि त्यांच्यापुढे ठेवलेला प्रश्न तितकाच खरा होता आणि त्याचे उत्तर मार्गदर्शकांनाही ठाऊक नव्हते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्याने आपल्याकडेही पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधनाची वाट खुली केली. परंतु पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्यांसाठीच. ऑक्सफर्डने संशोधनाला अभ्यासक्रमाचे अंग मानले. आपण त्याला गुणांचे पारितोषिक मानत आहोत. हा भेद अभ्यासमंडळांनी अवश्य विचारात घ्यावा.